माउंटिंग (लिनक्स डेस्कटॉप)

माउंटिंग म्हणजे एखाद्या साठवण साधनावरील फाइल प्रणाली संगणकाच्या चालू निर्देशिका-वृक्षाला जोडण्याची क्रिया होय. लिनक्स व इतर युनिक्ससदृश संचालन प्रणालींमध्ये पेन ड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, डीव्हीडी किंवा नेटवर्कवरील सामायिक फोल्डर यांतील फाइल उघडण्यापूर्वी ही क्रिया व्हावी लागते. हे साधन पुन्हा वेगळे करण्याच्या क्रियेस अनमाउंटिंग म्हणतात. पूर्वी हे काम प्रशासकीय अधिकार असलेल्या व्यक्तीला आज्ञा टंकून करावे लागे. २००४ नंतर डेस्कटॉप वातावरणांनी ते टप्प्याटप्प्याने स्वयंचलित केले. आज पेन ड्राइव्ह खोचताच तिचे चिन्ह पडद्यावर दिसते, आणि शेजारच्या संगणकावरील फोल्डर एका टिचकीने उघडतो.

या सोयीच्या आड अनेक निर्णय दडलेले असतात. साधन कोणी जोडावे, त्यावरील फाइलींची मालकी कोणाकडे असावी, लिहिलेला मजकूर साधनावर नेमका केव्हा उतरावा आणि अनोळखी साधनावर किती विश्वास ठेवावा, यांची उत्तरे चुकल्यास माहिती नष्ट होण्याचा किंवा संगणक परक्याच्या ताब्यात जाण्याचा धोका असतो.

संकल्पना

विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला सी, डी, ई असे स्वतंत्र अक्षर मिळते. लिनक्समध्ये मात्र सर्व फाइली एकाच वृक्षात असतात. या वृक्षाच्या मुळाला रूट म्हणतात आणि ते तिरक्या रेघेने दर्शवले जाते. नवे साधन जोडताना त्यातील फाइल प्रणाली या वृक्षातील एखाद्या निर्देशिकेवर बसवली जाते. त्या निर्देशिकेला माउंट बिंदू असे नाव आहे.

रायगड जिल्ह्यातील रेल्वेमार्गावरून ही कल्पना स्पष्ट होते. पनवेलहून पेणमार्गे जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग रोहा येथे संपतो आणि तेथून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. पुढे जाणाऱ्या प्रवाशाला त्यासाठी गाडी बदलावी लागत नाही. रूळ सलग असतात, व्यवस्थापन तेवढे बदलते. माउंट बिंदू हे असेच रोहा स्थानक होय. वापरकर्ता एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये जातो तेव्हा मार्ग अखंड भासतो. प्रत्यक्षात एका फाइल प्रणालीचे नियम संपून दुसरीचे लागू झालेले असतात. फाइलीच्या नावाची कमाल लांबी, मोठ्या-लहान रोमन अक्षरांतील भेद, मालकी व परवानग्या या सर्व गोष्टी त्या बिंदूपलीकडे वेगळ्या असू शकतात.

इतिहास

माउंटिंगची आज्ञा युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून आहे. तेव्हाचे संगणक संस्थेच्या मालकीचे असत आणि डिस्क बदलणे हे संगणकचालकाचे काम असे. त्यामुळे हा अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसणे स्वाभाविक होते. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सने ही पद्धत तशीच स्वीकारली. कोणते साधन कोठे जोडायचे याची यादी एफएसटॅब नावाच्या मजकूर फाइलीत लिहून ठेवली जाई.

फ्लॉपी व सीडीच्या काळात ही यादी पुरेशी होती, कारण साधनांचे खण ठरलेले असत. २००० च्या सुमारास यूएसबी पेन ड्राइव्ह बाजारात आल्यावर अडचण निर्माण झाली. एकच ड्राइव्ह आज 'एसडीबी' तर उद्या 'एसडीसी' या नावाने ओळखली जाई. तिच्यावर कोणती फाइल प्रणाली आहे हेही आधी माहीत नसे.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६ ने या प्रश्नाचा पाया बदलला. जोडलेल्या साधनांची माहिती कर्नल आता सिसएफएस या रचनेतून उघड करू लागले. ग्रेग क्रोआ-हार्टमन व के सीव्हर्स यांचा यूडेव्ह हा कार्यक्रम त्या माहितीवरून साधनांना नावे देऊ लागला. त्याच वर्षी हॅवॉक पेनिंग्टन यांनी यंत्रसामग्री विनासायास चालावी यासाठी एका मध्यस्थ थराची कल्पना मांडली. डेव्हिड झॉयथेन यांनी ती 'हॅल' या नावाने प्रत्यक्षात आणली. रॉबर्ट लव्ह यांच्या प्रोजेक्ट युटोपिया या उपक्रमातून हॅल, यूडेव्ह आणि डी-बस ही संदेशवहन यंत्रणा एकत्र आली. सप्टेंबर २००४ मधील ग्नोम २.८ या आवृत्तीपासून पेन ड्राइव्ह खोचताच डेस्कटॉपवर दिसू लागली.

हॅलचा पसारा पुढे वाढत गेला आणि ते सांभाळणे अवघड झाले. म्हणून त्याचे काम लहान सेवांमध्ये वाटण्यात आले. डिस्कसंबंधीचे काम यूडिस्क्स या सेवेकडे आले. एप्रिल २०१० मधील उबुंटू १०.०४ या आवृत्तीने संगणक सुरू होण्याच्या प्रक्रियेतून हॅल काढून टाकले. २०१२ पासून यूडिस्क्सची दुसरी पिढी वापरात असून ग्नोम, केडीई, एक्सएफसीई इत्यादी बहुतेक डेस्कटॉप वातावरणे तिच्यावरच अवलंबून आहेत.

कार्यपद्धती

पेन ड्राइव्ह खोचल्यापासून तिचा फोल्डर उघडेपर्यंत पुढील टप्पे होतात:

१. कर्नलला यूएसबी मार्गावर नवे साधन आढळते आणि ते त्याला 'एसडीबी' यासारखे तात्पुरते नाव देते.
२. यूडेव्ह त्या साधनावरील पार्टिशन, फाइल प्रणालीचा प्रकार, लेबल आणि यूयूआयडी हा ओळखक्रमांक वाचतो.
३. यूडिस्क्स ही माहिती डी-बसवरून डेस्कटॉपला कळवते.
४. फाइल व्यवस्थापक ते साधन बाजूच्या पट्टीत दाखवतो आणि वापरकर्त्याच्या वतीने माउंट करण्याची विनंती करतो.
५. पोलकिट ही सेवा विनंती करणाऱ्याचा अधिकार तपासते.
६. परवानगी मिळाल्यावर यूडिस्क्स माउंट बिंदू तयार करून फाइल प्रणाली जोडते.

यांतील पाचवा टप्पा महत्त्वाचा आहे. संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या वापरकर्त्याला बाह्य साधन जोडण्यासाठी पासवर्ड द्यावा लागत नाही. संगणकाच्या आतील दुसरी डिस्क उघडताना मात्र बहुतेक वितरणांत प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. दुरून लॉग-इन केलेल्या व्यक्तीलाही आपोआप परवानगी मिळत नाही. 'खुर्चीत कोण बसले आहे' या साध्या कसोटीमुळे सोय व सुरक्षितता यांचा मेळ बसतो.

माउंट बिंदूचे ठिकाण वितरणानुसार बदलते. डेबियन व उबुंटू यांमध्ये तो 'मीडिया' निर्देशिकेत वापरकर्त्याच्या नावाखाली तयार होतो. फेडोरा व आर्च यांमध्ये तो 'रन' निर्देशिकेतील 'मीडिया'खाली असतो. ड्राइव्हला लेबल असल्यास फोल्डरला तेच नाव मिळते, नसल्यास यूयूआयडीचे अवघड अक्षरांक दिसतात. त्यामुळे एकापेक्षा अधिक ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी प्रत्येकीला लेबल देणे सोयीचे ठरते.

फाइल प्रणालींची निवड

बाह्य साधन लिनक्सवर किती सहजतेने चालेल हे त्यावरील फाइल प्रणालीवर ठरते.

फॅट३२: जवळजवळ सर्व संगणक, दूरचित्रवाणी संच व छपाई यंत्रे ही प्रणाली वाचतात. तिच्यात ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही. ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही लांब चित्रफितीची प्रत मध्येच थांबते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. या प्रणालीत फाइलीची मालकी नोंदवण्याची सोय नाही. म्हणून यूडिस्क्स माउंट करतेवेळीच सर्व फाइली त्या वापरकर्त्याच्या मालकीच्या असल्याचे मानते.

एक्सफॅट: मोठ्या फाइलींसाठी ही प्रणाली योग्य आहे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा तांत्रिक तपशील खुला केला. त्याच वर्षी आलेल्या कर्नल ५.४ मध्ये तिचा प्राथमिक, तर २०२० मधील कर्नल ५.७ मध्ये सॅमसंगने दिलेला अधिक चांगला चालक समाविष्ट झाला. त्यापूर्वी वेगळा कार्यक्रम बसवावा लागत असे.

एनटीएफएस: ही विंडोजची मुख्य प्रणाली आहे. २००७ पासून एनटीएफएस-३जी या मुक्त चालकामुळे लिनक्सवरून तिच्यावर विश्वासाने लिहिता येऊ लागले. २०२१ मधील कर्नल ५.१५ मध्ये पॅरागॉन कंपनीने दिलेला चालक आला. विंडोज 'जलद प्रारंभ' किंवा सुप्तावस्थेत बंद केले असेल, तर त्याचे पार्टिशन लिनक्समध्ये बहुधा केवळ वाचण्यासाठीच उघडते. हा दोष नसून खबरदारी आहे. विंडोजने अर्धवट सोडलेल्या नोंदींवर दुसऱ्या प्रणालीने लिहिल्यास फाइल प्रणाली बिघडू शकते.

एक्स्ट४: ही लिनक्सची प्रचलित प्रणाली आहे. तिच्यात बदलांची रोजवही, म्हणजे जर्नल, ठेवली जाते. त्यामुळे अचानक वीज गेल्यावरही फाइल प्रणालीची रचना सावरता येते. ती मालकी क्रमांकाने नोंदवते. परिणामी एका संगणकावर तयार केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर भलत्याच वापरकर्त्याची दिसू शकते आणि 'परवानगी नाही' असा संदेश येतो.

देवनागरी नावे

मराठीत फाइलींना व ड्राइव्हना नावे देताना काही विशेष अडचणी येतात. लिनक्सवर नावे यूटीएफ-८ या संकेतनात साठवली जातात. तेथे देवनागरीतील प्रत्येक संकेतचिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. एक्स्ट४ प्रणालीत फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत सुमारे ८५ चिन्हेच मावतात. अनेक शब्दांची लांब शीर्षके फाइलीला तशीच देणाऱ्यांना ही मर्यादा जाणवते. विंडोजवर साठवलेले लांब मराठी नाव लिनक्सवर उतरवताना ते नाकारले जाण्याचे कारणही हेच आहे.

लेबलांची मर्यादा याहून कडक आहे. एक्स्ट४ मध्ये लेबलासाठी १६ बाइट मिळतात. 'पेण' या नावाला ९, 'रोहा' या नावाला १२ आणि 'रायगड' या नावाला १५ बाइट लागतात, त्यामुळे ही तिन्ही नावे मावतात. 'अलिबाग' या नावाला १८ बाइट लागतात, म्हणून ते मावत नाही. फॅट३२ मधील लेबल ११ बाइटांचे असून ते जुन्या संकेतनात साठवले जाते. तेथे देवनागरी लेबल टाळणेच इष्ट ठरते. एक्सफॅटमध्ये ११ युनिकोड चिन्हांपर्यंतचे लेबल चालते.

दुसरी अडचण एकच अक्षर दोन प्रकारे लिहिले जाण्याची आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र मराठीत वारंवार येतो. तो 'ऱ' या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून टंकता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, संगणकाच्या दृष्टीने मात्र ती भिन्न नावे आहेत. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही प्रणाली 'ऱ'चे 'र' व नुक्ता असे विघटन करून साठवते. त्यामुळे तेथून आणलेली फाइल आणि लिनक्सवरील तिची प्रत एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने दोनदा दिसू शकते, किंवा शोध घेतल्यावर सापडत नाही. माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या सर्व संगणकांवर एकच टंकन पद्धती वापरणे हा यावरील साधा उपाय आहे.

सुरक्षितपणे काढणे

लिनक्स लिहावयाचा मजकूर लगेच साधनावर पाठवत नाही. तो आधी मुख्य स्मृतीत ठेवला जातो आणि नंतर सवडीने उतरवला जातो. प्रचलित मांडणीत असा मजकूर साधारण ३० सेकंदांपर्यंत स्मृतीत राहू शकतो. मोठ्या फाइलींच्या बाबतीत आणि संथ पेन ड्राइव्हवर याहून अधिक वेळ लागतो. यामुळे संगणकाचा वेग वाढतो, पण प्रत पूर्ण झाल्याचे दाखवणारी पट्टी फसवी ठरते. पट्टी संपली तरी मजकूर अजून वाटेतच असू शकतो.

फाइल व्यवस्थापकातील 'बाहेर काढा' किंवा 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा दिल्यावर स्मृतीतील सर्व मजकूर साधनावर उतरवला जातो आणि मगच फाइल प्रणाली वेगळी होते. 'लिहिणे सुरू आहे, साधन काढू नका' अशी सूचना दिसत असेल तर ती नाहीशी होईपर्यंत थांबणे आवश्यक असते. फॅट प्रणालीच्या साधनांसाठी यूडिस्क्स मजकूर लवकर उतरवण्याचा पर्याय वापरते. त्यामुळे धोका कमी होतो, पण नाहीसा होत नाही. फॅटला रोजवही नसल्याने मध्येच ओढून काढलेल्या ड्राइव्हची फाइलसूचीच बिघडू शकते आणि त्यात त्या दिवशी न हाताळलेल्या फाइलीही सापडतात.

'साधन वापरात आहे' असा संदेश आल्यास एखादा कार्यक्रम त्यावरील फाइल उघडून बसलेला असतो. पुष्कळदा ते केवळ त्या फोल्डरमध्ये उघडे राहिलेले टर्मिनल असते. ग्नोम व केडीई यांमध्ये अडवणाऱ्या कार्यक्रमाचे नावही बऱ्याचदा दाखवले जाते. तो बंद करणे हाच योग्य मार्ग आहे.

नेटवर्क शेअर

दुसऱ्या संगणकावरील फोल्डर नेटवर्कवरून वापरण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एनएफएस ही पद्धती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये विकसित केली. ती मुख्यतः युनिक्स व लिनक्स संगणकांमध्ये वापरली जाते. एसएमबी ही पद्धती आयबीएममध्ये जन्मली आणि मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. विंडोजचे सामायिक फोल्डर याच पद्धतीने चालतात. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास सुरू केलेल्या सांबा या मुक्त प्रकल्पामुळे लिनक्स संगणक विंडोज नेटवर्कमध्ये सहभागी होऊ लागले.

डेस्कटॉपवर शेअर उघडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात फाइल व्यवस्थापक स्वतःच नेटवर्कशी बोलतो. ग्नोममध्ये हे काम मार्च २००८ पासून जीव्हीएफएस ही यंत्रणा करते, तर केडीईमध्ये केआयओ करते. यासाठी प्रशासकीय अधिकार लागत नाहीत आणि पासवर्ड सांकेतिक पेटीत जपून ठेवता येतो. मात्र या यंत्रणांशी परिचय नसलेल्या कार्यक्रमांना असा फोल्डर दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी फ्यूज या कर्नल सुविधेद्वारे त्याच शेअरचा एक साधा फोल्डरही उपलब्ध करून दिला जातो.

दुसऱ्या मार्गात कर्नल शेअर माउंट करते. यात सर्व कार्यक्रमांना तो सारखाच दिसतो आणि वेगही सहसा अधिक मिळतो. यासाठी एफएसटॅब फाइलीत नोंद करावी लागते. ती निष्काळजीपणे केल्यास सर्व्हर बंद असताना संगणक सुरू होण्यास विलंब होतो. सिस्टमडी वापरणाऱ्या वितरणांत हा विलंब सामान्यतः ९० सेकंदांपर्यंत असतो. 'नोफेल' हा पर्याय दिल्यास शेअर न मिळाल्याने संगणकाचे सुरू होणे अडत नाही. सिस्टमडीचा स्वयंमाउंट पर्याय दिल्यास शेअर प्रथम वापराच्या क्षणीच जोडला जातो. पासवर्ड थेट एफएसटॅबमध्ये न लिहिता केवळ प्रशासकाला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलीत ठेवतात, कारण एफएसटॅब संगणकावरील कोणालाही वाचता येते.

एनएफएस सर्व्हर मध्येच बंद पडल्यास त्यावरील फाइल उघडलेले कार्यक्रम गोठतात. ही प्रणालीची मूळ, 'कठोर' पद्धत आहे. सर्व्हर परत आल्यावर काम जेथे थांबले तेथून सुरू होते. 'मृदू' पद्धत निवडल्यास कार्यक्रम मोकळा होतो, पण अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहण्याचा धोका असतो.

एसएमबी १ चा अस्त

एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील विंडोजमधील एका त्रुटीचा वापर करून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या सॉफ्टवेअरने त्याच त्रुटीसह अन्य मार्गांचाही वापर केला. त्याची झळ रायगड जिल्ह्यालाही लागली. उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलचे कामकाज या हल्ल्यामुळे विस्कळीत झाले.

या घटनांनंतर जुनी आवृत्ती वापरातून काढण्यास वेग आला. सप्टेंबर २०१७ मधील लिनक्स कर्नल ४.१३ ने एसएमबी जोडणीसाठी पहिल्या आवृत्तीऐवजी तिसरी आवृत्ती प्रचलित ठरवली. सप्टेंबर २०१९ मधील सांबा ४.११ ने पहिली आवृत्ती मूळ मांडणीत बंद केली. यामुळे सुरक्षितता वाढली, पण डेस्कटॉपवर एक अनपेक्षित परिणाम झाला. 'नेटवर्क' फोल्डरमध्ये शेजारचे संगणक शोधण्याची जुनी रीत याच आवृत्तीवर आधारलेली असल्याने ती यादी रिकामी दिसू लागली. शेअर चालू असूनही तो दिसत नसल्यास संगणकाचे नाव किंवा आयपी पत्ता थेट टंकून तो उघडता येतो. शोधासाठी आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी व अवाही या यंत्रणा वापरल्या जातात.

सुरक्षा

पेन ड्राइव्हमधून विषाणू पसरण्याचा प्रश्न मुख्यतः विंडोजशी जोडला जातो. २००८ पासून पसरलेला कॉन्फिकर आणि २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. लिनक्स डेस्कटॉप ड्राइव्हवरील कार्यक्रम विचारल्याशिवाय चालवत नाहीत, तथापि तेही पूर्णतः निर्धोक नाहीत. २०११ मध्ये जॉन लॅरिमर यांनी दाखवून दिले की, ड्राइव्ह जोडताच फाइलींची लघुचित्रे तयार करणाऱ्या कार्यक्रमातील दोषाचा फायदा घेऊन कुलूपबंद पडदाही ओलांडता येतो. २०१८ च्या सुरुवातीस केडीई प्लाझ्मामधील एक दोष दुरुस्त करण्यात आला. त्यात ड्राइव्हच्या लेबलातच आज्ञा लिहिली असल्यास माउंट करताना ती चालवली जाई. जून २०२५ मध्ये यूडिस्क्स वापरत असलेल्या लिबब्लॉकडेव्ह या संचातील दोष उघड झाला. त्याद्वारे स्थानिक वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार मिळवता येत होते.

अशा धोक्यांमुळे यूडिस्क्स बाह्य साधने काही निर्बंधांसह माउंट करते. त्यांवरील कार्यक्रमांना प्रशासकाचे अधिकार मिळत नाहीत आणि साधन-फाइली निष्प्रभ केल्या जातात. पडदा कुलूपबंद असताना स्वयंचलित माउंटिंग थांबवले जाते. ज्या संगणकांवर अनेकांच्या ड्राइव्ह लावल्या जातात, तेथे स्वयंचलित माउंटिंग बंद ठेवून ते हाताने करणे अधिक सुरक्षित मानले जाते. हरवण्याची शक्यता असलेल्या ड्राइव्हवर लक्स ही सांकेतिकीकरण पद्धती वापरता येते. तशी ड्राइव्ह खोचताच डेस्कटॉप परवलीचा शब्द विचारतो.

उदाहरण: दोन गावांतील कार्यालये

पेण हे गणेशमूर्ती निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे, तर रोह्याजवळ धाटाव औद्योगिक वसाहत आहे. अशा गावांतील एखाद्या कार्यशाळेत किंवा लहान कार्यालयात दोन-तीन संगणक, एक छपाई यंत्र आणि ग्राहकांकडून येणाऱ्या पेन ड्राइव्ह एवढीच सामग्री असते असे मानल्यास पुढील मांडणी उपयुक्त ठरते. मूर्तींची छायाचित्रे, दरपत्रके व मागणीच्या नोंदी एका लिनक्स संगणकावर एक्स्ट४ डिस्कवर ठेवून सांबाद्वारे सामायिक करता येतात. विंडोज व लिनक्स असे दोन्ही संगणक त्या वापरू शकतात. छापखान्यात द्यावयाच्या ड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ प्रणालीत असाव्यात.

हेच कार्यालय पेण व रोहा अशा दोन्ही गावांत असेल, तर एसएमबी शेअर थेट इंटरनेटवर उघडणे धोक्याचे ठरते. अशा वेळी सांकेतिक जोडणीवर चालणारी एसएफटीपी पद्धती किंवा आभासी खाजगी नेटवर्क वापरतात. ग्नोम व केडीई यांचे फाइल व्यवस्थापक एसएफटीपी पत्ता एखाद्या साध्या फोल्डरप्रमाणे उघडतात.

नेटवर्क शेअर म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्याच्या अनेक भागांत दीर्घकाळ वीज नव्हती. अशा प्रसंगी सर्व्हर निरुपयोगी होतो आणि छप्पर उडाल्यास किंवा पाणी शिरल्यास तो नष्टही होऊ शकतो. दुसऱ्या जागी कोरड्या कपाटात ठेवलेली, नियमितपणे अद्ययावत केलेली आणि व्यवस्थित अनमाउंट करून काढलेली बाह्य डिस्क हाच त्यावरील स्वस्त उपाय आहे. राखीव प्रत घेतल्यानंतर ती डिस्क सतत जोडून ठेवू नये, कारण खंडणीखोर सॉफ्टवेअर माउंट केलेल्या साधनांवरील फाइलीही निकामी करते.

मराठीतील उपलब्धता

ग्नोम व केडीई या दोन्ही वातावरणांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील कार्यालयात भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे मोठे काम झाले. त्याच कंपनीने २००४ मध्ये प्रकाशित केलेला लोहित टंकसंच देवनागरी नावे पडद्यावर नीट दिसण्यास साहाय्यभूत ठरला. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बॉस या डेबियन-आधारित वितरणातही मराठीचा समावेश आहे.

साधन काढण्याच्या सूचना मातृभाषेत असणे विशेष महत्त्वाचे ठरते. 'लिहिणे सुरू आहे' हा संदेश न समजल्यास होणारे नुकसान भरून काढता येतेच असे नाही. 'माउंट' या संज्ञेला मात्र मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. 'आरोहण' व 'जोडणी' असे पर्याय सुचवता येत असले, तरी प्रत्यक्ष वापरात मूळ शब्दच अधिक आढळतो.

हे सुद्धा पहा

लिनक्स
फाइल प्रणाली
सांबा (सॉफ्टवेअर)
युनिकोड
देवनागरी